पोट साफ केल्याने कंबर सुटत नाही

‘कंबरदुखीचे मूळ पोटात आहे, पोट साफ करा, कंबर आपोआप सुटेल’ असा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. त्यात म्हटले आहे की, आतड्यात साचलेला वात मणक्यात शिरतो, म्हणून रोज रात्री एरंडेल घ्यावे. जुलाबाबरोबर रक्त पडले तरी घाबरू नये, ती अंगात साठलेली उष्णता असते. दुखणे थांबेपर्यंत फळीवर पडून राहावे. एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले असतील तर आजार नाहीच. आणि डॉक्टरांच्या इंजेक्शनांमुळे क्षयरोग होतो, म्हणून ती बंद करावीत, असा त्याचा एकूण आशय आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवरून तो माझ्या बहिणीकडे आला. तिच्या मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि अलीकडे त्याची कंबर धरू लागली आहे. तिने त्याच्यासाठी एरंडेलाची बाटली आणूनही ठेवली होती. म्हणून याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक दावा रक्ताचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात आणि त्या व्रणांतून रक्त व आव पडते. ही उष्णता नव्हे, ही जखम आहे. एरंडेल आतड्याच्या स्नायूंना जोराने आकुंचन पावायला लावते. आधीच सुजलेल्या, रक्ताळलेल्या आतड्यावर तो मारा केल्यास शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात आणि आजार चिघळत असल्याची खूण ‘औषध लागू पडले’ या समजुतीखाली झाकली जाते. दिवसातून ६ किंवा त्याहून अधिक वेळा रक्तमिश्रित शौचाला होत असेल आणि सोबत ताप, मिनिटाला ९० च्या वर नाडी किंवा बरेच उतरलेले हिमोग्लोबिन यांपैकी एकही गोष्ट असेल, तर तो कोलायटिसचा तीव्र झटका मानला जातो आणि रुग्णाला रुग्णालयात दाखल करावे लागते. ट्रूलव्ह आणि विट्स या इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९५५ मध्ये मांडलेला हा निकष आजही वापरला जातो. अशा रुग्णाला ‘घाबरू नका’ असे सांगणाऱ्याने त्याच्या जिवाशी खेळ मांडला आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. रक्त पडणे म्हणजे मूळव्याधच, असे धरून महिनोन्महिने घरगुती उपाय करत राहणेही याच जातीचे धाडस आहे.

संदेशातील एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि ती नाइलाजाने मान्य करावी लागते: आतडे आणि कणा यांचा संबंध आहे. क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा, कोलायटिससारखाच दुसरा दीर्घकाळचा आजार) आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांवरील ७१ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे १० टक्के रुग्णांमध्ये कणा आणि श्रोणी यांना जोडणाऱ्या सांध्यांना सूज आढळली, तर सुमारे ३ टक्के रुग्णांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कणा ताठर करत जाणारा संधिवात, होता. मात्र हा संबंध रोगप्रतिकार यंत्रणेच्या बिघाडातून येतो. पोटातील वायू कुठेही शिरत नाही. शिवाय गुडघा, घोटा अशा मोजक्या सांध्यांची सूज बहुधा पोटाच्या आजाराबरोबर वर-खाली होत असली, तरी कण्याचा आजार स्वतःच्या चालीने चालतो. पोट शांत असतानाही कंबर दुखू शकते, पोटाची तक्रार सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधीही दुखू शकते, आणि शस्त्रक्रियेने मोठे आतडे काढून टाकले तरी कण्याची सूज थांबत नाही. आतडेच काढून जे साधत नाही, ते एरंडेलाने कसे साधणार?

विश्रांतीचा सल्ला तर नेमका उलटा आहे. कण्याच्या दाहक, म्हणजे सुजेतून होणाऱ्या, संधिवाताचा अभ्यास करणाऱ्या ‘असास’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००९ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी पाच खुणा निश्चित केल्या: दुखणे वयाच्या चाळिशीच्या आत सुरू होणे, ते नकळत हळूहळू वाढणे, हालचाल व व्यायाम केल्यावर कमी होणे, विश्रांतीने कमी न होणे, आणि रात्री दुखून उठल्यावर बरे वाटणे. यांपैकी चार जुळल्या तर ते दुखणे दाहक असण्याची शक्यता बळकट होते. पहाटे दोन-तीनला कंबरेमुळे जाग येणे, खोलीत फेऱ्या मारल्यावर थोडे सुटणे, सकाळी अर्धा तास किंवा अधिक वेळ अंग आखडलेले असणे, कधी डाव्या तर कधी उजव्या नितंबात खोल दुखणे, ही रुग्णांची वर्णने याच आजाराची आहेत. पाण्याची बादली उचलताना अचानक भरलेली उसण वेगळी. तिला फार तर एक-दोन दिवस आराम चालतो, आणि बहुतेक कंबरदुखी त्याच प्रकारची असते हेही खरे. परंतु आतड्याचा आजार असलेल्या तरुणाचे तीन महिन्यांहून जुने दुखणे उसण समजून त्याला फळीवर झोपवून ठेवणे म्हणजे त्याचा ताठरपणा वाढवणे होय. अशा माणसाला कंबर ‘बसवून’ घेण्यासाठीही कोणाकडे नेऊ नये, कारण या आजारात जुळून आलेला मणका किरकोळ झटक्यानेही मोडू शकतो. यासोबत एक डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

रिपोर्टांविषयी थोडक्यात. एक्स-रेमध्ये बदल दिसायला वर्षे लागू शकतात, सुरुवातीची सूज एमआरआयमध्ये दिसते. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या अनेक रुग्णांत सामान्य असतात. आणि एचएलए-बी२७ ही या संधिवाताशी जोडलेल्या जनुकाची चाचणी आतड्याच्या आजारासोबत येणाऱ्या कण्याच्या संधिवातात इतरांच्या तुलनेने कमी वेळा पॉझिटिव्ह येते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असे ठरत नाही.

राहिला इंजेक्शनांचा दावा. अ‍ॅडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब यांसारख्या, रोगप्रतिकार यंत्रणेला आवर घालून सूज कमी करणाऱ्या औषधांमुळे शरीरात सुप्त असलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो, हे खरे आहे. म्हणूनच ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात, आणि गरज पडल्यास आधी प्रतिबंधक औषधे देतात. आपल्या देशात आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसू शकतो आणि मणक्यालाही क्षय होतो, त्यामुळे ही काळजी इथे दुप्पट महत्त्वाची आहे. परंतु चालू असलेले इंजेक्शन डॉक्टरांना न विचारता बंद केले, तर दबलेला आजार उसळू शकतो. उलट मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल संदेशात एक शब्दही नाही. कण्याच्या सुजेवर त्या उपयोगी असल्या, तरी काही रुग्णांमध्ये त्यांनी आतड्याचा आजार बळावतो, म्हणून त्या पोटाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

पोटाच्या डॉक्टरांना कंबरेबद्दल आणि संधिवाततज्ज्ञांना शौचातील रक्ताबद्दल न विचारताही सांगावे, कारण त्यावर औषधाची निवड ठरते: अशाच इंजेक्शनांपैकी एटानरसेप्ट कण्यावर चालते पण क्रोन्सवर चालत नाही, सेक्युकिनुमॅबमुळे आतड्याचा आजार वाढू शकतो, तर अ‍ॅडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब दोन्हींवर लागू पडतात.