दुसऱ्या अंतऱ्याआधीची शिट्टी

ठाण्यात कुणाकडे जुन्या आठवणींचा लेख मागा, पहिल्या परिच्छेदात रेल्वे येतेच. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. त्या गाडीत आमच्यापैकी कुणीही नव्हतं, पण लिहिणारा असा लिहितो की खिडकीची जागा त्यालाच मिळाली होती. मग तलावांचं शहर, मग तलावपाळी, मग गडकरी रंगायतन. संपला लेख.

म्हणून यंदा सोसायटीच्या स्मरणिकेचे संपादक लिफ्टमध्येच मला म्हणाले, "वहिनी, रेल्वे नको. नौपाड्यात वाढलात ना तुम्ही? तुमचं स्वतःचं काहीतरी येऊ द्या."

वाढले खरी. पण कागद घेऊन बसले तर आठवलं काय, तर गॅस बुक करायचाय. बालपण म्हणून हाक मारली तर आतून कुणी ओ देईना.

लेकीने उपाय सांगितला. "आई, गाणी ऐक. त्या वयातली." तिच्याकडे शास्त्रही तयार होतं. म्हणे, साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी माणसाच्या डोक्यात सगळ्यात दाट असतात, आणि त्या काळातलं गाणं कानावर पडलं की त्या वर येतात. कॅलिफोर्नियात पेत्र जनाता नावाच्या संशोधकाने तर कॉलेजातल्या मुलांना त्यांच्या शाळेच्या वर्षांतली गाणी ऐकवत मेंदूचे स्कॅन काढले होते. २००९ साली तो अभ्यास छापून आला. ओळखीचं गाणं आणि त्याला चिकटलेली आठवण एकत्र आली की कपाळामागचा एक भाग कामाला लागतो, असं त्यात दिसलं. माझं कपाळ आजवर फक्त बाम चोळायच्या कामी आलेलं. म्हटलं, बघू.

तर घोडबंदर रोडवर, कासारवडवलीत, मी कपाळामागच्या भागासाठी हेडफोन लावून बसले. खाली रस्त्याचं काम, एक डंपर सकाळपासून रिव्हर्सच घेतोय. फुकटातलं अ‍ॅप असल्याने भावगीत ऐन रंगात आलं की गृहकर्जाची जाहिरात. बरं, गाणी सगळी पाठ. शब्द, सूर, मधली बासरी, सगळं जागच्या जागी. पण आठवण? छे. एका गाण्यावर मात्र मी अडखळले. पहिला अंतरा संपला, वाद्यं वाजली, दुसरा अंतरा सुरू झाला आणि मी बेचैन. काहीतरी राहिलं होतं. पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच खड्डा.

तिसऱ्यांदा ट्यूब पेटली. त्या जागी कुकरची शिट्टी हवी!

आमच्याकडे रेडिओ वेगळा आणि टेपरेकॉर्डर वेगळा होता. १९८४-८५ची गोष्ट. ज्यांच्याकडे टू-इन-वन होता त्यांची गाणी आतल्या आत, स्वच्छ उतरायची. आम्ही रेडिओच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर ठेवायचो, आकाशवाणीवर 'आपली आवड' लागलं की पत्र पाठवणाऱ्यांच्या नावांची मालगाडी जाईपर्यंत दम धरायचो आणि गाणं सुरू होताच लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबायचो. मग घरात कुणी बोलायचं नाही. हा नियम मी केलेला, त्यामुळे अर्थातच कुणी पाळत नसे. गाण्याबरोबर भांडी, फोडणी, पाणी आल्याची आरोळी, सगळं त्याच फितीवर. माझ्या डोक्यातलं गाणं तेच. अ‍ॅपवाल्यांनी घासूनपुसून चकचकीत केलेलं ते गाणं कुणा परक्याच्या घरातलं होतं.

(शिट्टी घरीच करून पाहावी म्हणून गाण्याशी वेळ जुळवत कुकर लावला. गाण्यात शिट्टी काही आली नाही, जेवणात वरण तेवढं करपलेलं आलं.)

मग नौपाड्यात आईकडे जाऊन माळा उपसला. कॅसेट सापडली. कव्हर फुटलेलं, लेबलवर बॉलपेनने माझ्या हस्ताक्षरात 'भावगीते, पुसू नये', आणि 'नये'खाली दोन रेघा. फीत बाहेर लोंबत होती. षट्कोनी पेन्सिल चाकात घालून ती गुंडाळली. ही विद्या बोटं विसरली नव्हती. टेपरेकॉर्डर सुरू झाला हे आश्चर्य. आतला रबरी पट्टा मात्र सैल पडलेला, त्यामुळे फीत रेंगाळत फिरे आणि गायिकेचा आवाज सर्दी झालेल्या पुरुषासारखा येई. पण पहिला अंतरा संपला आणि आली! शिट्टी! तीही खर्जातली, आगबोटीच्या भोंग्यासारखी. आणि तिच्या पाठोपाठ एका बाईचा जाड आवाज: "त्यांना म्हणावं, रात्री टाकीचा वॉल्व्ह कुणी बंद केला ते आम्हाला माहीत आहे."

मग काय विचारता! सगळं धडाधड वर आलं. बिल्डिंगची टाकी, जिन्यातल्या बादल्या, महिनाभर बंद पडलेला वाटीभर साखरेचा व्यवहार, दोन मजल्यांमध्ये चिठ्ठ्या पोचवणारी मी. लेख तयार! अडचण इतकीच, की वॉल्व्हवाले आता आमच्याच सोसायटीत सी विंगला राहतात आणि स्मरणिका समितीत आहेत. मागच्या कव्हरची जाहिरातही त्यांनीच मिळवून दिली आहे.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा आवाज माझा नाही."

"आई, तुझाच आहे. मला लख्ख आठवतंय, हिरवं पातळ नेसून तू दारात उभी होतीस."

"हिरवं पातळ मी आयुष्यात घेतलं नाही. आणि मी असं बोलेन? हे वन्संचं बोलणं. त्या तेव्हा बाळंतपणाला आल्या होत्या."

पट्टा सैल. आवाज आईचा, आत्याचा की टाकीचाच, सांगणं कठीण. पण ते पातळ माझ्या डोळ्यांसमोर आहे, काठासकट! आता ते कपाळामागच्या भागाने कुठून आणलं, त्याचं त्याला ठाऊक. शेवटी आत्याला नेरूळला फोन लावला आणि फोन टेपरेकॉर्डरच्या तोंडाशी धरला. तिने शिट्टीसकट सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझाच आवाज," ती म्हणाली. "वहिनी कुठली बोलतेय! ती आत बसून मला शब्द पुरवत होती. लिही तू. आणि वॉल्व्ह आधी कुणी बंद केला होता तेही लिही, तुझ्या बाबांनी. शनिवारी ठाण्याची लोकल पकडून येतेच मी. ती फीत नीट गुंडाळून ठेव, आणि त्या सी विंगवाल्यांना चहाला बोलावून ठेव."