मुरगावातली जर्मन जहाजं आणि फॉरवर्डमधला गोवा

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॅपवर एक मजकूर पुन्हा उगवतो. सारांश असा: दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, त्यामुळे गोवा ब्रिटिश हिंदुस्थानापासून पार तुटलेला होता. मुरगाव बंदरात इंग्रजांना मज्जाव होता. तीन जर्मन जहाजं तिथे कायद्याच्या आडोशाला बसून पाणबुड्यांना रेडिओवरून खबरा पुरवत होती. मग कलकत्त्याच्या काही उतारवयाच्या साहेबांनी एका रात्रीत ती बुडवली आणि हिंदी महासागरातले हल्ले थांबले. एवढंच नाही, तर गोव्यात गाड्या पोर्तुगालसारख्या उजवीकडून चालत, सीमेवर बाजू बदलावी लागे, आणि ही भानगड भारतीय सैन्यानं १९६१ साली मिटवली. गोवेकरांना मात्र युद्धाची झळ लागली नाही. शेवटी नेहमीचं पालुपद: हा इतिहास शाळेत शिकवत नाहीत.

जहाजं होती आणि हल्लाही झाला. पण या दोन खऱ्या खिळ्यांवर टांगलेलं बाकीचं बरंचसं लटकं आहे.

"बंदरात इंग्रजांना मज्जाव होता."

उलट, बंदरच इंग्रजांच्या पैशानं बांधलेलं होतं. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. त्यानंतर ब्रिटिश भांडवलाच्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनीनं मुरगावचा धक्का आणि तिथून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत जाणारा लोहमार्ग बांधला. पुढे या मार्गावर गाड्या चालवायचं काम मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होतं. म्हणजे झेंडा पोर्तुगालचा आणि इंजिन ब्रिटिश हिंदुस्थानातलं. पोर्तुगालनं सप्टेंबर १९३९ च्या पहिल्याच दिवशी तटस्थता जाहीर केली, तरी ही व्यवस्था कोणी मोडून टाकली नाही.

मग जर्मन जहाजं तिथे साडेतीन वर्षं कशी राहिली? इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं युद्धनौका आणि व्यापारी जहाज यांची गल्लत केली आहे. १९०७ च्या हेग परिषदेतला तेरावा करार समुद्री युद्धातल्या तटस्थ देशांचे हक्क आणि कर्तव्यं ठरवतो. त्यातले कडक नियम आहेत ते युद्धनौकांसाठी. तटस्थ देशाचा वेगळा कायदा नसेल तर युद्धनौकेला बंदरात चोवीस तासांपेक्षा जास्त थांबता येत नाही. इंधन मिळतं ते मायदेशाच्या जवळच्या बंदरापर्यंत पुरेल इतकंच. दुरुस्ती करायची ती समुद्रात टिकाव धरण्यापुरती, मारक शक्ती वाढवण्यासाठी नाही. दोन शत्रूंच्या युद्धनौका एकाच बंदरात असतील तर एक निघाल्यावर दुसरीनं चोवीस तास थांबायचं, म्हणजे बंदराच्या तोंडाशीच पाठलाग सुरू व्हायला नको.

एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही ब्रेमेनच्या हान्झा कंपनीची मालवाहू जहाजं होती. त्यांना ही चोवीस तासांची घटका लागू नव्हती. ती मुरगावात राहिली ती पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची मेहरबानी म्हणून नव्हे. बाहेर पडून पोर्तुगीज पाण्याची तीन मैलांची हद्द ओलांडली की ब्रिटिश आरमार त्यांना धरणार, हे त्यांच्या कप्तानांना माहीत होतं. आणि जहाजं तीन नव्हती, चार होती. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा हे इटालियन जहाजही तिथेच येऊन अडकलं. फॉरवर्डमध्ये या बिचाऱ्याचा पत्ताच नसतो.

"कायद्याच्या आडोशाला बसून रेडिओ चालवत होती."

हे तर नेमकं उलटं आहे. त्याच हेग कराराच्या पाचव्या कलमात म्हटलं आहे की लढणाऱ्या देशांनी तटस्थ बंदराचा लष्करी तळ म्हणून वापर करायचा नाही, आणि त्यात बिनतारी संदेशाची केंद्रं उभारायला नाव घेऊन मनाई आहे. पंचविसाव्या कलमात तटस्थ देशावरही जबाबदारी टाकली आहे: आपल्या बंदरात असे प्रकार होऊ नयेत म्हणून हाताशी असलेल्या साधनांनी त्यानं लक्ष ठेवायचं. म्हणजे एहरेनफेल्सवरून खरंच संदेश जात असतील, तर जर्मन करार मोडत होते आणि पोर्तुगीज अधिकारी डोळेझाक करत होते. कायदा त्यात इंग्रजांच्या बाजूनं होता.

पण इंग्रजांनी निवडलेली वाटही कायद्याची नव्हती. तटस्थ देशाच्या पाण्यात कसलीही लष्करी कारवाई करणं हा त्याच्या सार्वभौमत्वाचा भंग आहे, असं तोच करार सांगतो. कारवाई ब्रिटनच्या गुप्त मोहिमा चालवणाऱ्या एसओई या संघटनेनं आखली होती. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांचं. माणसं घेतली ती कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या स्वयंसेवक पथकांतली, म्हणजे एरवी कचेऱ्यांत बसणारे पोक्त व्यापारी आणि हिशेबनीस. का, तर पकडले गेलेच तर सरकारला हात झटकता यावेत. "ते स्वयंसेवक होते, म्हणून कायदा मोडला नाही" असा युक्तिवाद काही मंडळी हिरिरीनं करतात. तो खुद्द ब्रिटिश सरकारला पटला असता तर प्रकरण पस्तीस वर्षं दाबून ठेवायची गरज काय होती? १९७८ मध्ये त्यावर पुस्तक आलं, दोन वर्षांनी इंग्रजी चित्रपट आला, आणि तोवर जगाला या हल्ल्याचा पत्ता नव्हता. आजची बहुतेक फॉरवर्ड या चित्रपटाची नातवंडं आहेत.

हल्ल्याआधी काही महिने याच प्यूंनी कोख नावाच्या जर्मन हस्तकाला बायकोसकट गोव्यातून मोटारीनं उचलून सीमेपलीकडे नेलं होतं. "पूर्ण तुटलेल्या" मुलखातून हे जमायला नको होतं.

"इंग्रजांनी जहाजं बुडवली."

फीबी नावाचा, गाळ वाहून नेणारा एक संथ बार्ज कलकत्त्याहून सिलोनला वळसा घालून निघाला. बहुतेक मंडळी रेल्वेनं कोचीनला जाऊन तिथे त्यावर चढली. तारीख ठरली ९ मार्च १९४३ ची, कार्निव्हल ऐन रंगात असतानाची. दुसऱ्या दिवशी अ‍ॅश वेन्सडे, म्हणजे उपवासाचा काळ सुरू, त्यामुळे आदल्या दिवसांत गोवा घरी थोडाच बसतो! खलाशी आणि अधिकारी किनाऱ्यावर मेजवान्यांत गुंतलेले राहतील अशी तजवीजही केली होती.

मंडळी चढली ती एकट्या एहरेनफेल्सवर. झटापटीत त्याच्या कप्तानासह पाच जर्मन मारले गेले. ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि आन्फोरा यांना इंग्रजांनी हातसुद्धा लावला नाही. एहरेनफेल्स पेटलेलं पाहून त्यांच्याच खलाशांनी जहाजं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून आगी लावून बुडवली. त्याची तयारी त्यांनी आधीपासून करून ठेवलेली होती. एहरेनफेल्सवरच्या लोकांनीही पाणी आत घेण्याच्या झडपा उघडल्या होत्या. पोर्तुगीज सरकारनं खलाशांवरच जहाजं जाळल्याचा खटला भरला, तो निव्वळ बनाव नव्हता. अर्ध्याहून जास्त खरंच होतं ते, आणि शिवाय सगळ्यांच्या सोयीचं.

"त्यानंतर हल्ले थांबले."

हा फॉरवर्डचा सगळ्यात लाडका मुद्दा. मार्चच्या पहिल्या अकरा दिवसांत डझनभर जहाजं बुडाली, उरलेल्या महिन्यात जेमतेम एकदोन, म्हणून श्रेय फीबीला! आकडे ऐकायला झकास आहेत. पण ती जहाजं बुडाली कुठे, हे कोणी विचारत नाही.

त्या वेळी जर्मन पाणबुड्यांचा 'झेहुंड' हा गट दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ शिकार करत होता. यू-१६० या पाणबुडीनं ३ मार्चच्या रात्री डर्बनच्या परिसरात एका ताफ्यावर झडप घातली आणि चार जहाजं बुडवली. त्यात ब्रिटिश इंडिया कंपनीचं निरपुरा होतं. डर्बनहून ताफा कधी निघाला हे हजारो किलोमीटर दूर मुरगावात नांगर टाकून बसलेल्या जहाजाला कसं कळणार? याच पाणबुडीनं ११ मार्चला आणखी एक जहाज बुडवलं, तेव्हा एहरेनफेल्स जळून दोन दिवस झाले होते. मग या पाणबुड्या परतीला लागल्या, कारण इतक्या लांब आलेल्या पाणबुडीचं इंधन आणि टॉर्पेडो कधीतरी संपतातच. आकडे का घसरले याचं उत्तर मुरगावात नाही, डर्बनच्या समुद्रात आहे.

आपल्या बाजूच्या समुद्रात तर धोका मुख्यतः जपानी पाणबुड्यांचा होता. मुंबईहून आफ्रिकेला निघालेलं तिलावा नोव्हेंबर १९४२ मध्ये जपानी पाणबुडीनं बुडवलं, त्यात २८० माणसं गेली. आणि मुरगावच्या हल्ल्यानंतर अकराच दिवसांनी, २० मार्चला, आय-२७ या जपानी पाणबुडीनं अरबी समुद्रात फोर्ट ममफर्ड बुडवलं. त्यातला एक जण वाचला. पुढच्या वर्षी, १२ फेब्रुवारी १९४४ ला, त्याच आय-२७ नं मालदीवजवळ खेदिव्ह इस्माईलला जलसमाधी दिली. मृतांचा आकडा बाराशेच्या वर. याला हल्ले थांबणं म्हणायचं असेल तर म्हणा. मुरगावची रेडिओ-वार्ता अगदी निरुपयोगी होती असं मी म्हणत नाही. पण एका रात्रीनं महासागराचं युद्ध फिरवलं, ही पटकथा आहे.

"गाड्या उजवीकडून चालत."

याला फार शाई खर्चायची गरज नाही. पोर्तुगाल १ जून १९२८ ला उजव्या बाजूला गेला, हे खरं. पण गोवा, मकाव आणि मोझांबिक डावीकडेच राहिले, कारण त्यांच्या सीमेपलीकडचा शेजारी डावीकडून चालत होता. बांद्याहून किंवा दोडामार्गावरून येणाऱ्या मोटारीनं हद्दीवर बाजू बदलायची, तर लिस्बनमधला नियम टिकवण्यासाठी रोज अपघात पत्करायचे. पोर्तुगीज सरकार हट्टी होतं, पण इतकंही नाही. म्हणून डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा रस्त्यावर बदलण्यासारखं काही नव्हतंच. देशानं बाजू बदलणं कसं असतं ते पाहायचं तर स्वीडनचं पाहा: ३ सप्टेंबर १९६७ च्या त्या दिवसासाठी त्यांनी कैक वर्षं तयारी केली होती. तसं काही गोव्यात घडलं असतं, तर आपल्या वडीलधाऱ्यांनी गप्पांत आपल्याला सोडलं असतं का?

तटस्थतेचा अर्थ पोर्तुगालला वेळेनुसार वेगळा लागे, हा खरा मुद्दा फॉरवर्डमधून निसटतो. पहिल्या महायुद्धातही जर्मन जहाजांनी मुरगावात आसरा घेतला होता. फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनच्या आग्रहावरून पोर्तुगालनं आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं ताब्यात घेतली, मुरगावातलीसुद्धा, आणि ९ मार्चला जर्मनीनं त्याच्याशी युद्ध पुकारलं. बरोबर सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला एहरेनफेल्स जळालं, हा निव्वळ योगायोग. १९४३ च्या ऑक्टोबरात, अजून तटस्थ असतानाच, पोर्तुगालनं अझोर्स बेटांवर ब्रिटनला तळ दिले, तेही १३७३ च्या जुन्या तहाचा हवाला देऊन. आणि त्याच ऑक्टोबरात मुरगावात तटस्थतेचा खरा उपयोग झाला. जपानचं तेइया मारू आणि स्वीडनचं ग्रिप्सहोम ही जहाजं तिथे आली आणि दोन्ही बाजूंनी अडकून पडलेल्या सुमारे दीड-दीड हजार नागरिकांची अदलाबदल झाली. एकमेकांशी लढणाऱ्या देशांची माणसं एकाच धक्क्यावर जहाजं बदलू शकली, कारण धक्का तिसऱ्याचा होता. चित्रपटात हे येत नाही, कारण कोणी मरत नाही.

राहता राहिली ती झळ. गोव्याची कितीतरी माणसं त्या काळात पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर खानसामे, स्वयंपाकी, कारभारी म्हणून काम करत होती. मुंबईला धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिघरांत राहायचं, बोलावणं आलं की जहाजावर चढायचं. कागदोपत्री ते तटस्थ देशाचे प्रजाजन होते, आणि त्यांची जहाजं जर्मन आणि जपानी पाणबुड्यांच्या निशाण्यावर होती. गोव्याला युद्धाची झळ लागली नाही हे वाक्य पुढे ढकलण्याआधी गोव्यातल्या साष्टी-बार्देशातल्या एखाद्या जुन्या तारवट्याच्या, म्हणजे जहाजावर काम केलेल्या माणसाच्या घरी ते वाचून दाखवावं.