मनावर घ्या, एवढंच?

मामाजींची नागपुरात रामदासपेठेत अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या कागदावर शेवटी दोन शब्द होते, ‘सिगारेट बंद’. कशी, ते कुणी सांगितलं नाही. मी घरच्या ग्रुपवर विचारलं, डॉक्टरांना विचारून सिगारेट सोडायची गोळी, व्हॅरेनिक्लिन, सुरू करता येईल का? दादाचं उत्तर आलं, ‘गोळ्या कायले पाहिजेत? मनावर घेतलं का सुटते. तुमच्या तिकडचे चोचले.’ खाली सगळ्यांचे अंगठे.

मला संताप येतो. स्टेंट टाकताना ‘मनावर घ्या, नस मोकळी होईल’ असं कुणी म्हणालं नव्हतं. धूर आत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. नुसत्या जिद्दीवर सोडणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन ते पाच वर्षभर टिकतात. बाकीचे सगळे कमकुवत मनाचे?

इकडे इंग्लंडात, लेस्टरला, माझ्या नवऱ्याने याच गोळीवर सोडली. पहिला आठवडा सिगारेट चालू, गोळी अर्ध्या मिलिग्रॅमपासून वाढवत न्यायची, मग ठरल्या तारखेला बंद. कोर्स बारा आठवड्यांचा. तलफ उतरते आणि ओढली तरी मजा येत नाही. मळमळ झाली, चित्रविचित्र स्वप्नं पडली. पण खरं काम केलं ते सल्लागार बाईंनी. त्या नळीत फुंकायला लावायच्या, धुरातून अंगात गेलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूचा आकडा दाखवायच्या. चहानंतर हात कुठे जाईल, भांडण झालं तर काय कराल, हे आधीच ठरवून घ्यायच्या. एका लग्नात तो ओढून आला, तर ओरडल्या नाहीत. कुणासोबत, किती वाजता, एवढंच विचारलं.

‘त्या गोळीने डोकं फिरतं’ हेही दादाचंच. 2016 साली आठ हजारांवर लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही. आणि हे फक्त ‘तिकडचं’ नाही. 2022च्या आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत सिगारेटऐवजी घ्यायचे निकोटिनचे पर्याय आहेत. तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, 1800-11-2356 वर, फोन केला तर समुपदेशन फुकट मिळतं. पण पानठेला कोपऱ्यावरच असतो.

शेवटी दादा म्हणाला, ‘रात्री दवाखान्यात मी नेलं, तू नाही.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. या घरात माझ्या मताला पाहुणीइतकाच मान आहे, हे मला ठाऊक आहे आणि ते बोचतं. इथल्या सोयींचा मी पाढा वाचते, तोही बहुधा त्यामुळेच. तरी गप्प बसणार नाही. दादा, त्यांना ओपीडीत तूच ने. किडनीचा रिपोर्ट सोबत ठेव, डोस त्यावर ठरतो. आणि मामाजींसमोर तू पेटवत जाऊ नकोस.