डेपोची ती पुढे आलेली खिडकी

काल कट्ट्यावर विषय निघाला अमेरिकेतल्या गावांमधल्या जुन्या रेल्वे डेपोंचा, म्हणजे तिथल्या छोट्या स्टेशनांचा. वकिलाने सुरुवातच तिरकी केली. "यात कसली आलीय वास्तुकला? सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने ठरावीक नकाशे काढले, त्यांना नंबर दिले आणि गावोगावी तेच ठोकले. एक बघितलं की सगळी बघितली. कौतुक करायचंच तर रिचर्डसन या वास्तुविशारदाचं कर. बोस्टन अँड ऑल्बनी रेल्वेसाठी त्याने बांधलेली स्टेशनं बघ, फ्रेमिंगहॅमचं १८८५ चं. दगडी भिंती आणि वर भलंमोठं उतरतं छप्पर!"

"छप्पर राहू दे, रुळांकडे पुढे आलेली ती खिडकी बघ," इंजिनियर म्हणाला. "तारमास्तरचं टेबल तिथेच. तिन्ही बाजूंना काचा, त्यामुळे तारयंत्रापासून न उठता दोन्हीकडची लाइन दिसायची. तारेवर गाडीसाठी हुकूम आला की पातळ कागदावर उतरवायचा, लांब दांड्याच्या कडीत अडकवायचा आणि रुळांशेजारी उभं राहून कडी वर धरायची. ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात घालून उचलायचा. मागच्या डब्यातल्या गार्डसाठी दुसरी कडी. ती खिडकी नक्षी म्हणून नाही काढलेली, बाबा."

मालाच्या खोलीचंही त्याने सांगितलं. रुंद सरकते दरवाजे, कारण सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून मागवलेलं सामान रेल्वेनेच यायचं. १९०८ पासून तर अख्ख्या घराचे सुटे भागसुद्धा. (हे वकिलाला पटेना. मोबाइलवर बघितल्यावर गप्प झाला.)

मास्तर इतका वेळ नुसते ऐकत होते. "नकाशा कामातून आला म्हणतोस ना? मग अमेरिकेच्या दक्षिणेतले डेपो बघ. मधोमध ऑफिस, एका बाजूला गोऱ्यांची खोली, दुसऱ्या बाजूला काळ्यांची. तिकीट देणारा बाबू एकच, खिडक्या दोन. १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात सुप्रीम कोर्टानेच वेगळं बसवण्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. आणि तो खटलाही रेल्वेच्या डब्यावरूनच."

इंजिनियरकडे यावर उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ते असूही शकत नाही. सोयीच्या नावाखाली काय काय नकाशात घुसतं ते त्या दोन खिडक्यांत उघड दिसतं.

मग भांडण जतनावर गेलं. १९७१ मध्ये ॲमट्रॅक ही देशभरच्या प्रवासी गाड्या चालवणारी कंपनी सुरू झाली तेव्हा उरल्यासुरल्या प्रवासी गाड्यांपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या. कितीतरी डेपो पाडले, काही उचलून दुसरीकडे नेले आणि तिथे संग्रहालय केलं. "समोर रूळ नाहीत, तर ती खिडकी बघणार काय?" इंजिनियर चिडला. "याला वाचवणं म्हणायचं?"

"दुसरी खोली तरी वाचली," मास्तर म्हणाले. "पाडली असती तर तशी खोली होती हे कबूल कोण करणार होतं?"

वकिलाने लगेच पकडलं, "आणि रंगरंगोटी करताना मधली भिंत काढून मोठा हॉल केला तर?"

त्यावर मास्तर आणि इंजिनियर पहिल्यांदाच एका बाजूने बोलायला लागले, तेही एकाच वेळी.