गिटार परत धरणाऱ्यांना घाबरवणारा फॉरवर्ड

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर महिनाभरात एकच मेसेज तीनदा येऊन गेला: ‘बऱ्याच वर्षांनी गिटार परत धरताय? या चुका टाळा.’ म्हणणं थोडक्यात असं. आधी वर्षभर अकूस्टिकवर, म्हणजे साध्या बिनविजेच्या गिटारवर, बोटं घट्ट करा, इलेक्ट्रिकचं मग बघा. घ्यायचीच तर अमेरिकन घ्या, कारण सूर लाकडातून येतो. स्वस्त गिटार म्हणजे पैसे पाण्यात. जुनी पडून राहिलेली भंगारात द्या. आणि मोठा ॲम्प (आवाज वाढवणारा डबा) परवडत नसेल तर इलेक्ट्रिकच्या नादी लागू नका. तिसऱ्यांदा तो आमच्या अप्पाने टाकला, खाली ‘भो, खास तुझ्यासाठी’. सतरा वर्षांनी मी पुन्हा वाजवायला बसतोय हे त्याला माहीत आहे.

तर अप्पा, ऐक.

बोटं घट्ट करण्याच्या सल्ल्याने सगळ्यात जास्त लोक गिटार सोडतात, असं माझं मत आहे. अकूस्टिकवर बहुतेक वेळा बाराचा सेट असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या बारा हजारांश जाडीची. इलेक्ट्रिकवर नऊचा किंवा दहाचा. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण एफचा बार कॉर्ड, एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा तो, धरला की मनगटाला कळतो. विशीत बोटांना घट्टे पडेपर्यंत बसायला वेळ होता. आता जेवणं आटोपल्यावर पंधरा मिनिटं मिळतात, ती बोट चोळण्यात घालवायची का? हेवी मेटलचा पाया घालणारा टोनी आयोमी डावखुरा. कारखान्यात मशिनमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या, म्हणजे तारा दाबायच्या हाताच्या, दोन बोटांची टोकं गेली. त्याने बँजोच्या हलक्या तारा चढवल्या (आपल्या वरातीतला बँजो नव्हे) आणि पुढे तारा सैल करून सूरही उतरवला.

तारेच्या लांबीचंही तसंच. फेंडर पद्धतीच्या गिटारमध्ये तारेची वाजणारी लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सन पद्धतीत पावणेपंचवीसच्या आसपास. तोच सेट, तोच सूर, पण आखूड लांबीवर ताण कमी पडतो आणि नेकवरच्या (दांड्यावरच्या) पहिल्या तीन-चार फ्रेटमध्ये, म्हणजे आडव्या पट्ट्यांमधल्या घरांत, करंगळी पोचते. दुकानात गेलास तर दोन्ही मांडीवर घेऊन बघ. रंग नंतर.

आता लाकूड. इलेक्ट्रिकमध्ये तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, गुंडाळीत वीज उमटते आणि तीच ॲम्पमध्ये जाते, लाकडाचा आवाज नव्हे. पाचगणीला शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन या बँडमधल्या गिटारवादक ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली, नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड लावलं आणि तीच आयुष्यभर वाजवली. लाकडाचा एका गोष्टीशी मात्र नक्की संबंध आहे: वजनाशी. गिब्सनच्या लेस पॉल घाटाची गिटार चार किलोंच्या पुढे सहज जाते. पाठीचा पट्टा लावून ऑफिसला जाणाऱ्या माणसाने तेवढं बघावं.

स्वस्त गिटारबद्दल मेसेजमधला अर्धा मुद्दा बरोबर आहे. अगदी खेळण्यातली घेऊ नये, ती सुरात राहत नाही. पण फेंडरची स्क्वायर, गिब्सनची एपिफोन, यामाहाची पॅसिफिका, ही नावं काही पैसे पाण्यात घालणारी नाहीत. आपल्याकडे खरी परीक्षा किमतीपेक्षा हवेची. जळगाव-भुसावळचा मे, पारा पंचेचाळीसला. नेकचं लाकूड सुकून आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आहे तेवढीच राहते, मग तिची टोकं बाहेर येतात. नेकच्या कडेवरून तळवा फिरव, करवतीसारखं लागेल. कारागीर कानस मारून ती टोकं बसवून देतो, त्यासाठी गिटार टाकून द्यावी लागत नाही. आणि गिटार कूलरसमोर ठेवू नकोस. मी ठेवली होती. दिवसभर कोरडी, रात्री ओली. आठवड्यात तारांवर तांबूस गंज. एक टाळायचंच असेल तर हवेत तरंगणाऱ्या ब्रिजची (तारा जिथे अडकवतात ती पट्टी स्प्रिंगवर हलणारी) गिटार टाळ. तिच्यात एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात, आणि परतणाऱ्याची सगळी संध्याकाळ सूर लावण्यातच जाते.

जुनी भंगारात द्या, हे वाचून तर मला रागच आला. माझी माळ्यावरून उतरवली तेव्हा आवाज तुटक येत होता आणि बटण फिरवलं की खरखर. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून कॉन्टॅक्ट क्लीनर आणला, बटणांच्या आत फवारला, वीस-पंचवीस वेळा फिरवलं, खरखर गेली. तुटक आवाज म्हणजे वायर खोचायच्या जॅकचा सोल्डरिंगचा डाग सुटलेला. बँजो पार्टीचे ॲम्प दुरुस्त करणाऱ्याने तो चहा येईपर्यंत लावून दिला. नेकला बाक आला होता, तो ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, थोडाथोडा, एका वेळी पाव फेरा, आवळून सरळ केला. नवीन तारा चढवल्या. बस्स.

राहिला मोठा ॲम्प. त्याच्या आकारापेक्षा घुंईऽ आणि अर्थिंग बघ. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, पिकअप घरातल्या विजेची घुंईऽ पकडतो. हमबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात, म्हणून ती घुंईऽ एकमेकींत मरते. पण ॲम्प छोटा असो की मोठा, तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबव आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घे. जुन्या वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटमागे कधी कधी तिसरी वायरच नसते. मी तर खिशात मावणाऱ्या हेडफोन ॲम्पवरच वाजवतो. रात्री साडेदहाला बाहेर फक्त तारांची टिकटिक ऐकू येते, तीही कूलरच्या घरघरीत बुडून जाते.