वसईतल्या जुन्या चर्चच्या लाइटिंगला एक स्टार दिलेल्या सरांना उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात ठीक आहे, पण उत्तर इथेच देतो कारण तो रिव्ह्यू गावात फिरतोय आणि मलाच स्क्रीनशॉट येतायत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की चर्च आम्ही काळोखात घातलं, पिवळे दिवे लावून हॉटेल केलं, वयस्कर लोकांना गायनाचं पुस्तक दिसत नाही, खांबावर वायर दिसते, वेगवेगळ्या प्रसंगांची बटणं बसवून तमाशा केला आणि भाचीच्या लग्नाचे फोटो पिवळे आले.

आधी काळोखाचं बघू. पूर्वी तुळयांना उघड्या ट्यूब टांगलेल्या होत्या, त्यांचा बराचसा उजेड वर कौलांखाली जायचा आणि उरलेला सरळ डोळ्यात. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या पोराच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड आत पोचतो आणि चमकेचा त्रास मात्र त्यालाच जास्त, म्हणजे समोर ट्यूब दिसत असली की हातातलं पुस्तक उलट आणखी काळं वाटतं. म्हणून आता फिटिंग खोल शेडवाल्या आहेत, बाकावर बसून वर बघितलं तरी दिवा दिसत नाही, आणि पुस्तक धरतो त्या उंचीला 200 लक्स आहे (लक्स म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं माप), फादर आणि पॅरिश कौन्सिलची, म्हणजे चर्चच्या समितीची, मंडळी उभी असताना रांगेरांगेत मीटर लावून मोजलंय. छत काळसर दिसतं ते मुद्दाम, तिथे कोणी वाचत नाही. आणि सर, लग्न दुपारचं होतं ना, बाहेर कडक ऊन म्हणजे लाख लक्सच्या आसपास, त्यातून आत आलं की डोळे सरावायला काही मिनिटं जातातच. त्यासाठी दाराच्या आतल्या पट्ट्यात आम्ही दिवसा जास्त उजेड ठेवतो आणि संध्याकाळी तोच कमी करतो.

आता पिवळं. हे 3000 केल्विनचे दिवे आहेत, आधीच्या ट्यूब 6500च्या होत्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर). वेदीमागच्या लाकडी कोरीवकामावर सोन्याचा वर्ख आहे, आणि सोनं निळा प्रकाश फारसा परत फेकत नाही, पिवळा-तांबडा फेकतो, त्यामुळे निळसर पांढऱ्या ट्यूबखाली तो वर्ख राखाडी, हिरवट, मेलेला दिसायचा. कित्येक लोकांना वाटत होतं की वर्ख उडालाय, परत चढवायला लागणार. वर्ख जागेवरच होता! त्यात पूर्वी उजेड समोरून सपाट पडायचा, आता बाजूने तिरका पडतो म्हणून पानं, वेली, देवदूतांचे चेहरे सुटे दिसतात. रंगवलेल्या मूर्तींवर 200 लक्सच्या वर जायचं नाही हे म्युझियमवाले पाळतात तेच आम्ही पाळलं, आणि कापडाच्या जुन्या झालरीवर तर 50च. रंग एकदा उडाला की तो परत येत नाही. हॉटेलमध्ये एवढं कोण बघतं? (पावसाळ्यात पांढऱ्या ट्यूबवर पाखरं किती यायची तेही आठवा, आता बरीच कमी झालीत.)

वायरचं बोललात ते खरं आहे, दुसऱ्या खांबाच्या मागे हातभर दिसते. 1534च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतरच्या काळातली ही भिंत आहे, दगड आणि चुना. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, तिच्यात खाच मारून पाइप घालून वर सिमेंट थापलं की ओल आतच अडकते, क्षार फुटतात आणि दोनचार पावसाळ्यांत प्लॅस्टर पापुद्रे सोडायला लागतं, आपल्या भागात असं झालेल्या भिंती तुम्हीही बघितल्या असतील. त्यामुळे वायर कॉर्निसवरून, म्हणजे भिंतीच्या वरच्या पुढे आलेल्या कडेवरून, नेली, स्क्रू दगडात न मारता सांध्यातल्या चुन्यात मारले, तेही 316 ग्रेड स्टीलचे कारण समुद्राची हवा साधं लोखंड खाते. उद्या कोणाला आमचं काम आवडलं नाही तर सगळं उतरवता येईल, दगडाला धक्का न लावता. ती हातभर वायर मला चालेल, खाच नाही चालणार.

बटणांना तुम्ही 'तमाशा' म्हणालात. सर, ईस्टरच्या आदल्या रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, काळोखात सुरू होते, पास्काची म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती आत येते, तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटते. पूर्वी त्यानंतर कोणीतरी खटकन मेन स्विच टाकायचं आणि ट्यूब फडफडत लागायच्या, लोक डोळे मिटून घ्यायचे. आता एका बटणावर उजेड हळूहळू चढतो. त्यासाठी डिमर लागतो आणि दिव्याला वीज पुरवणारा चांगला ड्रायव्हर लागतो, स्वस्तातला घेतला तर कमी उजेडात दिवा थरथरतो आणि मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे दिसतात. बराचसा पैसा तिथे गेला. नेमका किती ते पॅरिश कौन्सिलकडे आहे, मी इथे आकडे टाकणार नाही.

राहिले फोटो. खिडकीतून दिवसाचा उजेड, फोटोग्राफरचा फ्लॅश दिवसाच्या रंगाचा, आमचे दिवे 3000चे, आणि कॅमेरा ऑटोवर, मग नवरी एका बाजूने निळी आणि एका बाजूने पिवळी येणारच. त्याने फ्लॅशवर नारिंगी फिल्टर लावला असता आणि कॅमेरा 3000च्या आसपास ठेवला असता तर निम्मं काम झालं असतं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइल, असतील तर अजूनही रंग बराच सुधारतो, त्याला विचारा. पुढच्या लग्नाआधी कुठल्याही फोटोग्राफरने दुकानात फोन केला तर 'लग्न' बटणावर कुठे किती उजेड असतो ते सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि तुमच्या घरच्या वयस्कर मंडळींना ज्या बाकावर दिसलं नाही तो बाक कुठला ते कळवा, शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेआधी मीटर घेऊन येतो, तुम्हीही या.