तलाव तुमच्याखाली आहे

"जरा उठता का? तलाव तुमच्याखाली आहे."

हे मला उद्देशून होतं. डोंगरातल्या तलावाच्या काठावर एकच सपाट खडक होता आणि त्यावर मी बसलो होतो. एक बूट काढलेला, दुसऱ्याची नाडी हातात. तलाव समोर होता, चांगला मोठा, न दिसण्यासारखा मुळीच नाही. पण मनगटावरच्या जीपीएस घड्याळाकडे बघत उभ्या असलेल्या गृहस्थांच्या मते तो माझ्या बुडाखाली होता.

सकाळी निघायचं, तलाव बघायचा, अंधाराच्या आत खाली यायचं, यात सांगण्यासारखं फार नसतं. चढ लागतो, धाप लागते, पाणी दिसतं, परतायचं. ते सगळं सोडून थेट गृहस्थांकडे येतो.

"वाटेचा शेवटचा बिंदू इथे आहे," ते म्हणाले. "अजून बारा मीटर दाखवतंय, तुमच्या दिशेने."

"तलाव तिकडे आहे," मी बोट दाखवलं.

"तो पाण्याचा भाग झाला."

यावर काय बोलणार? मी उठलो. एका पायात बूट, दुसऱ्या पायात घामाने ओला मोजा, असा टोकदार दगडांवर तोल सावरत उभा राहिलो. ते खडकावर चढले. पोचलं की थरथरणारं घड्याळ थरथरलं नाही. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, मग हात आभाळाकडे.

"आता एकोणीस दाखवतंय," ते माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले.

वास्तविक यात गूढ काहीच नाही. मोकळ्या आकाशाखाली साध्या जीपीएसची चूक साधारण पाच मीटरच्या आसपास असते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराचा सिग्नल मुद्दाम बिघडवून पाठवायची, तेव्हा ती शंभर मीटरपर्यंत जायची. त्या काळी या गृहस्थांनी तलावात उडीच घेतली असती. पण असे तलाव मोकळ्या आकाशाखाली नसतातच. हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेला खोलगट वाडगा, तीन बाजूंना उभे कडे, आणि त्यात साठलेलं पाणी. कडे निम्मे उपग्रह झाकतात आणि उरलेल्यांचे सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतात. उशीर झाला की घड्याळ समजतं, अंतर जास्त आहे. शिवाय तो 'शेवटचा बिंदू' कुणीतरी असल्याच यंत्राने, असल्याच गोंधळात नोंदवलेला. तो खडकावरच का पडला, याचा माझा अंदाज असा की नोंदवणाराही दमला होता आणि बसायला दुसरी जागा नव्हती.

शेवटी घड्याळ थरथरलं. मला वाटलं, सुटलो.

"८.७६ किलोमीटर," गृहस्थ म्हणाले. "खाली फलकावर ९ लिहिलंय. २४० मीटर कुठे गेले?"

मी घेतले नव्हते, म्हणून गप्प बसलो. बसलो म्हणजे उभाच होतो.

"तुमचं किती आलं?"

"मी मोजलं नाही."

"मग तुम्ही आलात कशावरून?"

हा प्रश्न मला अजून बोचतो. फुप्फुसं, मांड्या आणि टाचेवर उठलेला फोड असे तीन साक्षीदार माझ्याकडे होते. त्यांपैकी एकाचीही नोंद ग्राह्य नव्हती.

ते २४० मीटर कुठे गेले तेही सांगतो, कारण त्यांना सांगायची संधी मिळाली नाही. बॅटरी वाचवायच्या मोडवर घड्याळ दर सेकंदाला जागा टिपत नाही, मधेमधे टिपतं आणि दोन ठिपके सरळ रेषेने जोडतं. नागमोडी चढाची वळणं त्यात कापली जातात. माणूस वळण घेऊन चालतो, रेघ डोंगर चिरून जाते. उलट, ठिपके भरभर टिपायला लावून एका जागी बसून राहिलं, तर जागेची ती चूक इकडेतिकडे भटकत राहते आणि अंतर आपोआप वाढतं. म्हणजे मोड बदलून स्वस्थ बसायचं होतं. पण गृहस्थ काठाकाठाने येरझाऱ्या घालू लागले. अशा उंचीवर काठाचं गवत आणि शेवाळ फार सावकाश वाढतं, तुडवलं गेलं तर सावरायला वर्षं लागतात. वाट दगडांवरून जाते ती याच कारणाने. हे मी त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि फेरी पूर्ण केली.

राग मात्र एकट्या त्यांच्यावर काढून उपयोग नाही. त्या फलकावर नुसतं '९ कि.मी.' होतं. एका बाजूचे की जाऊन-येऊन? लिहिलेलं नाही. चढ किती? 'उंची ७०० मीटर'. ही पायथा आणि तलाव यांतली वजाबाकी असते. मधे वाट दोनदा ओढ्यात उतरून पुन्हा चढते, तेही पायांनाच चढावं लागतं. एकूण चढाई सहज ९०० मीटर होते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगून ठेवलेला हिशेब आजही चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. नऊ किलोमीटर, ९०० मीटर, म्हणजे सव्वातीन तासांहून थोडं जास्त. आणि हे धडधाकट माणसाचं, न थांबता. पाणी पिणं, फोटो, बुटातला खडा आणि वाटेत भेटणारे तज्ज्ञ मिळून साडेचार. फलकावर या दोन संख्या नीट लिहायला किती रंग लागतो?

त्यात हे तलाव खालून दिसत नाहीत. हिमनदीने वाडगा खोल कोरताना पुढच्या बाजूला खडकाचा किंवा दगडमातीचा उंबरठा सोडलेला असतो. पाणी त्याच्या मागे अडलेलं, त्यामुळे शेवटच्या पावलापर्यंत समोर नुसती दगडांची कड. बऱ्याचदा असे उंबरठे एकावर एक असतात. पहिली कड आली की माणूस 'आलं, आलं' म्हणतो आणि समोर दुसरी कड उभी. घोटभर पाणी त्या पहिल्या कडेवर नाही, दर वीस मिनिटांनी प्यायचं.

तर गृहस्थ परत आले, ९.०३ करून. बसायला मिळाल्यावर (खडकावर, अर्थात) त्यांचा चेहरा उजळला.

"आपण अजून चढतोय!"

आपण बसलो होतो. किंवा ते बसले होते.

"पाऊण तासात चौतीस मीटर वाढलेत. बघा!"

मी बघितलं आणि सॅक आवरायला घेतली. त्या घड्याळात उंची हवेच्या दाबावरून मोजतात. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल (हे दाबाचं माप) दाब उतरतो, ३,००० मीटरच्या आसपास तेवढ्यालाच अकरा मीटर लागतात. जागचं न हलता चौतीस मीटर चढलो, याचा अर्थ दाब तीन हेक्टोपास्कलने घसरला, तोही पाऊण तासात. कड्यामागून ढग वर यायला लागलेच होते.

"वीज-पाऊस येतोय, उतरायला हवं," मी म्हणालो. "तुमच्या घड्याळात वादळाची सूचना असेल ना?"

"ती बंद ठेवलीय. सारखी वाजते." मग जरा विचार करून, "पण उंची वाढतेय तोवर थांबू या की. फुकटचे मीटर आहेत."

मी थांबलो नाही. उघड्या वाडग्यात, पाण्याशेजारी, दोन धातूच्या काठ्यांसह विजेची वाट बघण्याइतकी माझी कुठल्याच आकड्याशी जवळीक नाही. झाडी सुरू होते तिथवर एका दमात उतरलो. पाचेक मिनिटांनी मागून काठ्यांची खटखट आली आणि थेट खालपर्यंत माझी पाठ सोडली नाही.

उतारावर धाप लागत नाही म्हणून लोक त्याला सोपा म्हणतात. मांडीचा स्नायू उतरताना ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात, आणि ते दुखणं एक ते तीन दिवसांनी रंगात येतं. त्याचं खापर लॅक्टिक आम्लावर फोडणारे अजून भेटतात. ते तर तासा-दीड तासात निघून गेलेलं असतं. पावलं लहान टाकायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, काठ्या चढापेक्षा दहा सेंटीमीटर लांब करायच्या. निघण्याआधी बूट सोडून पुन्हा बांधायचा: टाच मागे ठोकून बसवायची, घोट्याच्या वाकात नाडीला दोन पीळ द्यायचे, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. सरकला की अंगठा दर पावलाला बुटाच्या टोकावर आदळतो आणि आठवड्याभरात नख काळं पडतं. नखं कापायची ती दोन दिवस आधी. निघायच्या सकाळी घाईने कापलीत आणि कोपरा खोल गेला, तर एकूण अंतर, एकूण चढाई आणि सरासरी वेग तिन्ही त्या कोपऱ्यातच जाणवतात.